लॅक्स्टनला बांध नाहीत: मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

प्रति,
ईस्ट मिडलंड्समधल्या सर्व मराठी मंडळांच्या सहल समित्या

सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी एका मंडळाच्या बैठकीत उन्हाळी सहलीसाठी ठिकाणं सुचवायला सांगितली, तेव्हा मी लॅक्स्टनचं नाव घेतलं. "तिथे बघण्यासारखं काय आहे?" असा प्रश्न लगेच आला. मी म्हटलं, "शेतं आहेत." दोघं-तिघं हसले, कुणीतरी चॅट्सवर्थच्या महालाचं नाव काढलं आणि विषय तिथेच मिटला. चॅट्सवर्थ देखणं आहे, मीही ते दोनदा पाहिलं आहे. पण त्या दिवशी लॅक्स्टनची बाजू मला मांडता आली नाही, याची रुखरुख वर्षभर राहिली. म्हणून हे पत्र, आणि ते एका मंडळाला न लिहिता सगळ्यांना लिहिते आहे.

मी माण तालुक्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. न्यूअर्कला राहायला येऊन सोळा वर्षं झाली. लॅक्स्टन आमच्यापासून साधारण 10 मैलांवर, ओलर्टन आणि टक्सफर्ड या दोन गावांच्या मधल्या भागात आहे. वस्ती काहीशे माणसांची. शेजारची मूरहाउस ही वाडी धरून त्याची एक पॅरिश होते. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. 1894च्या कायद्याने इंग्लंडच्या गावोगावी निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल आल्या आणि या जुन्या हद्दींना आपल्या ग्रामपंचायतीसारखं रूप मिळालं. पण लॅक्स्टनचा जो कारभार तुम्हाला दाखवावासा वाटतो, तो या कौन्सिलपेक्षा कितीतरी जुना आहे.

या गावात तीन मोठी शेतं आहेत. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. शेत म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर एका घरचं वावर येतं, तसं हे नाही. एकेक फील्ड म्हणजे एक अख्खं शिवार. त्यात कुंपण नाही, झाडोऱ्याची वई नाही आणि बांधही नाही. आत लांबच लांब पट्ट्या एकमेकींना खेटून आहेत, आणि प्रत्येक पट्टी कसणारा वेगळा. एकाच शेतकऱ्याची एक पट्टी या टोकाला, दुसरी पार पलीकडे आणि तिसरी दुसऱ्याच फील्डमध्ये. माती तांबूस, चिकट, जड. पावसानंतर बुटाला अशी धरते की पाय उचलवत नाही. चांगली जमीन एकाला आणि पाणथळ दुसऱ्याला असं होऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला सगळ्या प्रतीची जमीन थोडी थोडी येते.

तिन्ही फील्डची फेरपालट ठरलेली असते. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पड. पुढच्या वर्षी सगळं एक घर पुढे सरकतं. पूर्वी पडीत गावाची मेंढरं चरायची, आता तिथे बहुधा चाऱ्याचं गवत असतं. पण नियम तोच आहे. वेस्ट फील्डला गव्हाची पाळी असेल, तर तिथे ज्याची ज्याची पट्टी आहे त्या सगळ्यांनी गहूच करायचा. एकट्याच्या मनात आलं म्हणून काही वेगळं घेता येत नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझ्या मनात प्रश्न आला तो बांधाचा. आमच्याकडे आजोबांच्या जमिनीचे चार तुकडे होते, आणि त्यातल्या एका तुकड्याच्या बांधावरून दोन घरं पंचवीस वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. दर नांगरटीला कुणीतरी हातभर बांध कोरायचं, मग मोजणी, मग अर्ज, मग तारखा. तुमच्यापैकी ज्यांचं गाव अजून सुटलेलं नाही, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे तुकड्यांचा इतका धसका की 1947 साली मुंबई सरकारने तुकडेबंदीचा कायदाच केला. आणि इथे एक गाव शेकडो वर्षं तुकड्यांवरच शेती करतं आहे, तीही बांध न घालता. मग इथे कोरलेली जमीन परत कोण मिळवून देतं?

ते काम ज्युरीचं. लॅक्स्टनमध्ये कोर्ट लीट नावाचं मॅनरचं न्यायालय अजून भरतं. मॅनर म्हणजे एका जमीनदाराच्या अखत्यारीतली जुनी वतनी हद्द. अशी न्यायालयं एके काळी इंग्लंडभर होती. 1977च्या कायद्याने बहुतेकांचे उरलेसुरले न्यायदानाचे अधिकार संपवले, काही ठिकाणी ती समारंभापुरती उरली. लॅक्स्टनच्या कोर्टाकडे मात्र शेतीचा कारभार राहिला, आणि तो खरोखर चालतो. नोव्हेंबरच्या अखेरीस एका गुरुवारी बारा जणांची ज्युरी आणि तिचा फोरमन ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये बसून नुकताच गहू पेरलेल्या फील्डवर जातात. बरोबर लाकडी खुंट्या आणि घण. प्रत्येक पट्टीची हद्द बघायची, सरकलेली खुंटी जागेवर ठोकायची. कुणी शेजाऱ्याच्या पट्टीत, रस्त्यात किंवा गवताच्या सामाईक जागेत नांगर घातला असेल, तर ते लिहून घ्यायचं. चर साफ आहेत का तेही बघायचं. मग गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये जेवण. आठवड्याने तिथेच कोर्ट भरतं, जमीनमालकाच्या वतीने स्टुअर्ड बसतो, ज्यांनी चूक केली त्यांना दंड होतो आणि पुढच्या वर्षीची ज्युरी नेमली जाते.

दंड काही पौंडांचाच असतो. पण तो ज्यांनी लावला ते सगळे रोजच्या उठबशीतले. या वर्षी ज्युरीत बसलेल्या माणसाची स्वतःची पट्टी पुढच्या वर्षी दुसरं कुणी तपासणार असतं. आणि मला वाटतं, सगळ्यात मोठी गोष्ट ही की तपासणी दर वर्षी होते. भांडण पिकायला वेळच मिळत नाही. हातभर सरकलेली हद्द त्या फील्डला गव्हाची पाळी आली की मागे येते, ती नातवाच्या गळ्यात पडत नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गुरुवारी मी रस्त्याच्या कडेला उभी राहून लांबून ते काम पाहिलं. अंगात जाड कोट, तोंडातून वाफा, एकाने खुंटी धरलेली आणि दुसरा घण घालतोय. मला माझे आजोबा आठवले आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पट्ट्या लांबट का, हेही मुलांना तिथे उभं करून सांगता येईल. बैलांची लांब जोडणी वळवायला जागा लागते, म्हणून एकदा तास धरलं की जेवढं लांब जाता येईल तेवढं जायचं. जुन्या पट्ट्या म्हणूनच सरळ नसून किंचित वाकड्या असत, वळण घ्यायला बैल टोकापाशी आधीच कलत असत म्हणून. या लांब तासाचंच नाव फर्लांग. आपले आजी-आजोबा "दोन फर्लांगावर शाळा" म्हणायचे, तो हाच शब्द. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ नांगराच्या तासाची लांबी, आणि ती पुढे 220 यार्ड अशी ठरली. फर्लांगभर लांब आणि 22 यार्ड रुंद पट्टी म्हणजे एक एकर. 1830च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्यात जी जमीन मोजणी सुरू झाली, तिच्याबरोबर हा एकर आपल्या शेतात आला आणि त्याचे 40 गुंठे झाले. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर लिहितात, पण गावात जमीन सांगायची तर माणूस आजही एकर-गुंठ्यातच सांगतो. त्या मापामागचं शेत नांगरलेल्या अवस्थेत बघायचं असेल, तर लॅक्स्टनसारखी जागा नाही.

आता एक गोष्ट, जी वाचून मी स्वतः चकित झाले. 1635 साली लॅक्स्टनचा मालक होता सर विल्यम कोर्टीन, लंडनचा मोठा व्यापारी. त्याने मार्क पीअर्स नावाच्या मोजणीदाराकडून अख्ख्या मॅनरचा नकाशा करून घेतला. प्रत्येक पट्टी दाखवलेली, आणि सोबतच्या वहीत ती कोण कसतो आणि किती क्षेत्राची आहे याची नोंद. नकाशावर मधूनमधून बारीक चित्रं आहेत, नांगरणारी माणसं, कापणी करणारी माणसं, शिकारीमागे धावणारे घोडे. हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे, आणि लॅक्स्टनची शेती कशी होती हे आपल्याला इतकं बारकाईनं कळतं ते त्याच्यामुळे.

त्याच 1635च्या डिसेंबरमध्ये याच कोर्टीनच्या मंडळीला पहिल्या चार्ल्स राजाने पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना दिला. ईस्ट इंडिया कंपनी असताना तिच्याच डोळ्यांसमोर उभी राहिलेली ही दुसरी कंपनी. एप्रिल 1636 मध्ये कॅप्टन जॉन वेडेलच्या हाताखाली तिची जहाजं निघाली आणि ऑक्टोबरात गोव्याच्या बंदरापुढे नांगर टाकून उभी राहिली. पुढे याच मंडळीने भटकळ आणि कारवारला वखारी घातल्या. त्या जहाजांवर पीटर मंडी नावाचा प्रवासी होता, त्याने सगळं लिहून ठेवलं आहे. कोर्टीन मात्र जहाजं गोव्याला पोहोचायच्या आधीच, मे 1636 मध्ये वारला होता.

म्हणजे ज्या माणसाने लॅक्स्टनची पट्टी न् पट्टी मोजून घेतली, त्यानेच आपल्या किनाऱ्याकडे जहाजं पाठवली. याआधी 1627 साली बार्बाडोस बेटावर जी इंग्रज वसाहत बसली, तिच्यामागेही त्याचाच पैसा होता. तो नकाशा कितीही देखणा असला, तरी तो जमीनदाराला आपला वसूल नीट कळावा म्हणून काढलेला आहे हे विसरून चालणार नाही. मला त्या कागदाबद्दल प्रेम वाटतं आणि त्याच वेळी तो टोचतोही. मुलांना दोन्ही सांगायला हवं. इंग्लंडच्या खेड्याचा इतिहास आणि आपला इतिहास वेगवेगळ्या कपाटांत ठेवता येत नाही, हे त्यांना पुस्तकापेक्षा त्या शेताच्या कडेला उभं राहून लवकर समजेल.

गावात बाकी बघण्यासारखं आहेच. चर्चच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मातीचा उंच ढिगारा आणि त्याभोवतीचे खंदक आहेत. दगडी बांधकाम काही उरलेलं नाही, वर झाडी माजली आहे, पण मातीकामाचा आकार विलक्षण शाबूत आहे. इथे राहणाऱ्या घराण्याकडे शेरवुडच्या जंगलाची राखण होती. सेंट मायकेल चर्चमध्ये त्यांच्यातल्या एव्हरिंगहॅम घराण्याच्या समाध्या आहेत, आणि त्यात एका स्त्रीची लाकडात कोरलेली निजलेली मूर्ती आहे. नॉटिंगहॅमशायरमध्ये मध्ययुगातली लाकडी समाधिमूर्ती ही एवढीच. भटकी जनावरं कोंडायचा कोंडवाडाही आहे. याच पॅरिशच्या हद्दीत नॅशनल होलोकॉस्ट सेंटर आहे. ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या मनाने जाण्याचं ठिकाण आहे. सहलीच्या गडबडीत ते घुसवू नका, एवढी माझी विनंती.

गावातून चालताना आणखी एक बघा. शेतकऱ्यांची विटांची घरं रस्त्यालाच लागून आहेत, काहींची तर बाजूची भिंत रस्त्याकडे, आणि मागे लांब परडी. इंग्लंडच्या बहुतेक भागात शेतकऱ्याचं घर गावापासून दूर, स्वतःच्या शेताच्या मधोमध दिसतं. त्याचं कारण एन्क्लोजर. साधारण 1750 ते 1850 या शंभर वर्षांत पार्लमेंटने हजारो कायदे करून एकेका गावाची उघडी शेतं आणि सामाईक कुरणं वाटून, झुडपांच्या कुंपणांनी बंद केली. ज्यांच्याकडे चार पट्ट्या आणि गायरानात एक गाय चारायचा हक्क एवढंच होतं, त्यांची गाय गेली आणि पुष्कळांची जमीनही गेली. आगगाडीतून दिसणारं कुंपणाकुंपणांचं हिरवं इंग्लंड आपल्याला सनातन वाटतं, त्यातला फार मोठा भाग या वाटणीतून घडलेला आहे. लॅक्स्टनमध्येही काही जमिनी बंदिस्त झाल्या, पण काम पुरं झालं नाही. त्याचं एक मोठं कारण असं की इथल्या दोन मोठ्या मालकांचं, मॅनव्हर्स आणि स्कारबरो या उमरावांचं, अदलाबदलीवर एकमत होत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्स घराण्याने पट्ट्यांची संख्या कमी करून त्या थोड्या रुंद केल्या, कुंपण मात्र घातलं नाही.

त्यानंतर या गावाला सांभाळणारे हात बदलत गेले. 1952 साली मॅनव्हर्स उमरावाने ही मालमत्ता सरकारच्या शेती मंत्रालयाला विकली, उघडी शेतं टिकावीत हा त्यामागचा हेतू होता. 1981 मध्ये ती क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजगादीच्या मालमत्तेचा कारभार बघणाऱ्या संस्थेकडे गेली. क्राउन इस्टेटने ती विकायचं ठरवलं तेव्हा इथले लोक धास्तावले होते. 2020 मध्ये ती थोर्सबी इस्टेटने घेतली, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच वारसांकडे परत आली. पण मालक कोणीही असला, तरी शेती करायला शेतकरी लागतात. यंत्रं दर वर्षी मोठी होत आहेत आणि पट्ट्या आहेत तेवढ्याच. शेजाऱ्याशी जुळवून घेऊन, ठरलेल्या पाळीप्रमाणे, चार ठिकाणी विखुरलेली जमीन कसायला तयार असणारी तरुण माणसं मिळाली, तरच ज्युरीत बारा माणसं बसतील. किल्ला राखायला गवत कापणारा एक माणूस पुरतो. हा वारसा राखायला अख्खं गाव लागतं.

म्हणून आपण जायचं. आपल्या चाळीस माणसांच्या बसने लॅक्स्टन वाचणार नाही, मला ठाऊक आहे. पण जेवण तिथल्या पबमध्ये घेऊ, गावात चार पैसे जातील, आणि आपल्या मुलांच्या पिढीतल्या काहींना तरी ही शेती बघितल्याचं आठवेल. त्यातली काही उद्या इथल्याच कौन्सिलांत आणि खात्यांत बसणार आहेत.

जायची वेळ मी जूनचा शेवट सुचवते. तीन फील्डच्या मधून सखल, ओलसर जागी गवताच्या पट्ट्या गेल्या आहेत. त्यांना साइक म्हणतात. तिथे नांगर चालत नाही, म्हणून ती जमीन शतकानुशतकं मोडलेली नाही, आणि आता रानफुलांसाठी तिला कायद्याचं संरक्षण आहे. उन्हाळ्यात शेतकरी आपापसात तिथल्या गवताचा लिलाव करतात आणि मग ते कापलं जातं. कापणीच्या आधी गेलो तर गुडघाभर गवतात पिवळी-जांभळी फुलं सापडतील. पायवाटा आखलेल्या आहेत, त्याच धरायच्या. पिकात पाय टाकायचा नाही, फुलं तोडायची नाहीत, ड्रोन उडवायचा नाही. पबच्या आवारात छोटं माहिती केंद्र आहे, सुरुवात तिथून करू. पाऊस असो वा नसो, जुने बूट घालून या. चाळीस पानांची गर्दी पबला आयत्या वेळी झेपणार नाही, तेव्हा आकडा आधी कळवावा लागेल. ते फोनाफोनीचं काम मी करते.

ज्यांना हिवाळ्यात यायचं असेल त्यांना नोव्हेंबरच्या अखेरीस मी वेगळी नेईन, पण चार-पाच जणांनाच. तो त्यांच्या कामाचा दिवस असतो, आणि आपण कडेला उभं राहायचं असतं.

समितीला माझं एवढंच मागणं आहे की या वर्षीच्या यादीत लॅक्स्टनचं नाव घाला आणि सभासदांचं मत घ्या. गेलोच, तर वाटेत मुलांना आधी काही सांगू नका. त्यांना वेस्ट फील्डच्या कडेला उभं करा आणि एका शेतकऱ्याची जमीन कुठे संपते, दुसऱ्याची कुठे सुरू होते ते शोधायला सांगा. त्यांनी विचारलं की पुढचं मी सांगेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
न्यूअर्कची एक सभासद